पेंचच्या पुलाखालून वाघ जातो, मग आपल्या रस्त्याखालून का नाही?

वैनगंगा | रविवार, रात्री ९.१०

माझं माहेर सिवनीचं, सासर नागपूरचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मनसर, देवलापार, खवासा, कुरई ही माझी येण्याजाण्याची वाट. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४. श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो तोच. मधल्या पट्ट्यात तो पेंचच्या जंगलातून जातो आणि पेंचचं जंगल पुढे कान्ह्याच्या जंगलाशी जोडलेलं आहे. म्हणजे आपला नागपूर-सिवनी रस्ता जनावरांच्या वाटेवर आडवा पडला आहे. त्यांची वाट रस्त्याच्या कितीतरी आधीची.

२००४ च्या उन्हाळ्यात आमच्या जीपसमोर चितळाची मादी आली. कडेला उभी होती, दिव्यात डोळे चमकले, आम्हाला वाटलं ती थांबली. आणि अगदी शेवटी तिने उडी मारली ती आमच्याच पुढे. चालकमामा उतरले, पाहिलं, ती गेलेली होती. त्यांनी पाय धरून तिला रस्त्यापासून पंधरा-वीस पावलं आत ओढत नेलं. मी विचारलं, मामा, हे कशाला? ते म्हणाले, "बाई, हिला इथंच ठेवली तर रात्री कोल्हं येईल खायला, ते मरेल. सकाळी घारी-कावळे उतरतील, त्यातलं एखादं मरेल. एकावर थांबत नाही हे." मग पुढच्या वनचौकीवर जाऊन सांगितलं. मामा आता नाहीत, पण रस्त्यावर काही पडलेलं दिसलं की मला त्यांचे ते शब्द ऐकू येतात.

पुढे या रस्त्याच्या चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. एक बाजू म्हणे रस्ता हवा, दुसरी म्हणे जंगल तुटेल. दोघांचंही खरं होतं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलला गेला: ५ भुयारी मार्ग आणि ४ लहान पूल. त्यातला सर्वात छोटा ५० मीटर रुंद, सर्वात मोठा ७५० मीटर. वर गाड्या, खाली जंगलाची जमीन तशीच सलग.

तेव्हा आमच्या घरातही बोललं जायचं की वाघ काय पाटी वाचून पुलाखालून जाणार आहे का. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे ७८ कॅमेरे लावले. वन्यप्राण्यांच्या ५,४५० छायाचित्रांत १८ जातींचे प्राणी सापडले. सर्वात जास्त चितळ आणि रानडुकरं, पण बिबट, रानकुत्रे, रानमांजर हेही. आणि वाघ: ११ वेगवेगळे वाघ, ८९ वेळा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून ते अकरा मोजले गेले.

अकरा वाघ! मी तो आकडा वाचला त्या दिवशी बाबांना फोन करून सांगितला.

मला एवढंच म्हणायचं आहे. "जनावरं वापरतील का?" हा प्रश्न आपल्याच मातीत, आपल्याच जंगलात सुटलेला आहे. आता प्रश्न उरतो तो आपला: अशी वाट कुठे ठेवायची, रस्ता आखतानाच ठेवायची की मेलेली जनावरं मोजून झाल्यावर, आणि बांधल्यावर ती मोकळी ठेवायची की नाही. तुमच्या भागातले रस्ते सांगा. नुसती हळहळ नको, नेमकी जागा आणि तिथे काय चालेल ते लिहा.

साकव | रविवार, रात्री १०.०२

छान धागा. पुलांच्या कामात ३४ वर्षं काढली, त्यातली थोडी जंगलपट्ट्यांत. त्यामुळे बांधकामाच्या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं, रस्त्याखाली एक मोरी टाकली की झाली जनावरांची सोय. नाही होत. जनावर मोरीच्या तोंडाशी उभं राहून पहिलं काय बघतं, तर पलीकडचा उजेड. आमच्यात एक साधं गणित असतं: मार्गाची रुंदी गुणिले उंची, भागिले जनावराला चालावं लागणारं अंतर. चौपदरी रस्त्याखाली ते अंतर २५ मीटरच्या आसपास धरा. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, घातली तर उत्तर येतं ०.५ हूनही कमी. हरणाच्या नजरेने ती गुहा, आणि गुहेत काय बसलेलं असेल कोण जाणे. तेच ५० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच ठेवलं तर उत्तर १० येतं. पलीकडचं झाड दिसतं, वारा आरपार वाहतो, वास कळतो. पेंचमध्ये सर्वात छोटा मार्ग ५० मीटरचा आहे तो याचसाठी.

जाण्याच्या आणि येण्याच्या पुलांमध्ये फट ठेवली तर मधे ऊन आणि पाऊस पडतो, गवत उगवतं. खालच्या जमिनीवर दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून फरसबंदी, करू नये, खुरांना ते नको असतं. पूल ओढ्यावर असेल तर पात्राच्या एका बाजूला पुराच्या पाण्याच्या वर राहील असा कोरडा काठ सोडावा, म्हणजे पावसाळ्यातही वाट बंद होत नाही. हा काठ नकाशावर दाखवायला पाच मिनिटं लागतात. तो राहून गेला तर चार महिने जनावर पुन्हा डांबरावर.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कुंपण. नुसता पूल बांधून कुंपण न घालणं म्हणजे घराला दार ठेवून भिंती न बांधणं. कुंपण जनावराला अडवण्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त त्याला दारापर्यंत आणण्यासाठी आहे.

वाटसरू_कॅलगरी | सोमवार, सकाळी ७.३५

साकव यांच्या कुंपणाच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी सातारचा, गेली १५ वर्षं कॅलगरीत. इथून दीड तासावर बांफ राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या मधून ट्रान्स-कॅनडा महामार्ग. तिथे १९८० च्या दशकापासून हे काम टप्प्याटप्प्याने चाललं आहे: जनावरांसाठी रस्त्यावरून जाणारे ६ पूल, खालून जाणारे ३८ मार्ग आणि दोन्ही बाजूंना २.४ मीटर उंच जाळीचं कुंपण. मोठ्या जनावरांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. एल्क आणि हरणं धरली तर ९६ टक्क्यांहून जास्त.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ. हे प्राणी पुलाचं काम चालू असतानाच वरून जायला लागले होते! उलट ग्रिझली अस्वलांना विश्वास बसायला पाचेक वर्षं लागली. सगळ्यांना एकच जागा आवडते असंही नाही. ग्रिझलीला मोकळा, रुंद, वरचा पूल लागतो. काळं अस्वल आणि कूगर (प्यूमा, मार्जारकुळातला शिकारी) यांना मात्र खालचे अरुंद, अंधारे मार्ग चालतात. म्हणून एकाच मापाची रांग न करता वेगवेगळ्या तऱ्हेचे मार्ग ठेवले.

पहिल्या दोन वर्षांतच कुणी "पैसे पाण्यात गेले" असा निकाल दिला असता तर ग्रिझलींची गोष्ट कधी कळलीच नसती. आई पिल्लांना घेऊन जाते, पिल्लं मोठी होऊन त्याच वाटेने जातात. हे माझ्या लेकीला तिथल्या वनरक्षकाने समजावून सांगितलं होतं, ती तेव्हा सात वर्षांची होती. आता बांफला गेलं की पुलाखालून गाडी जाताना ती आवाज बंद करायला लावते, वर कुणी असेल म्हणून.

रोखठोक | सोमवार, सकाळी १०.२०

विषय चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आमच्या गावाजवळ महामार्गावर शाळेच्या मुलांना ओलांडायला पादचारी पूल नाही. मागणी करून आठ वर्षं झाली. माणसं मरतात तिथे पैसे नाहीत आणि हरणांसाठी पाऊण किलोमीटरचा पूल, हे सामान्य माणसाच्या गळी कसं उतरवणार?

दुसरं, शिकारी प्राणी हुशार असतात. हरणं एकाच जागेतून जातात हे कळल्यावर वाघ-रानकुत्रे तिथेच दबा धरून बसणार नाहीत का? म्हणजे आपण हरणांना वाचवतो आहोत की वाघाचं ताट वाढून ठेवतो आहोत?

वैनगंगा | सोमवार, दुपारी १.१५

रोखठोक, राग कसला. मुलांचा पूल झालाच पाहिजे आणि आठ वर्षं हा लाजिरवाणा काळ आहे. पण तो पूल हरणांमुळे अडलेला नाही. दोन्ही पूल एकाच कारणाने अडतात: रस्ता आखताना तिथे आधीपासून कोण चालतं हे कुणी विचारलेलं नसतं.

आणि जनावराची धडक ही माणसाचीही धडक असते. रोही म्हणजे नीलगाय, नर दोनशे किलोच्या घरात जातो. दुचाकीवाल्याला तो रात्री आडवा आला तर काय होतं ते विदर्भातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात विचारा. माझा आतेभाऊ रानडुकराला धडकून सहा महिने अंथरुणावर होता.

शिकारीच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट माहीत नाही. वाटसरू, बांफमध्ये कुणी हे पाहिलंय का?

वाटसरू_कॅलगरी | सोमवार, संध्याकाळी ७.५०

हो, नेमका हाच प्रश्न घेऊन तिथे अभ्यास झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारी या मार्गांचा सापळ्यासारखा वापर करतात असा पुरावा बांफमध्ये मिळाला नाही. एखाददुसरी शिकार जवळपास होते, ती जंगलात कुठेही होते. त्यातही मार्ग जितका रुंद, तितकी हरणाला पळायला जागा. साकव यांचं ५० मीटरचं गणित इथेही उपयोगी पडतं.

दहाचाकी | सोमवार, रात्री ११.४०

मी नागपूर-जबलपूर मालवाहतुकीत आहे. स्वतः २२ वर्षं गाडी चालवली, आता तीन गाड्या आहेत. चालकाच्या जागेवरून काय दिसतं ते सांगतो, कारण सगळे म्हणतात चालक बेफाम असतात.

ताशी १०० च्या वेगात कार सेकंदाला २८ मीटर जाते. जनावर दिसलं, मेंदूने ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, तोवर ४० मीटर गेलेले. दिवा लो बीमवर असला तर उजेडच साधारण तेवढा. म्हणजे दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो. भरलेल्या ट्रकची तर गोष्टच नको. ३० टन माल मागून ढकलत असतो. जोरात ब्रेक मारला तर गाडी आडवी होते, वळवली तर समोरचा मरतो. आम्हाला शिकवलं जातं की हँडल सरळ धरा. त्यामुळे समोर आलेलं जनावर मरतं. कुणाला आवडत नाही ते. वडील सांगायचे, हरिण मारून आलेल्या चालकाने त्या रात्री जेवू नये.

आणि दिव्यात हरिण थांबतं ते मूर्ख म्हणून नव्हे. रात्रीला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम एवढा उजेड पडला की त्याला काही दिसतच नाही. दिसेना म्हणून ते थबकतं, आणि घाबरलं की जिकडे पाय नेतील तिकडे उडी मारतं.

मनसर-खवासा पट्ट्यात आता फरक पडलाय हे मी अनुभवाने सांगतो. मध्य प्रदेशच्या बाजूला पुलांवर कडेने उंच भिंती लावल्यात, गाडीचा आवाज आणि उजेड खाली जाऊ नये म्हणून. नवीन पोरं विचारतात, ही भिंत कशाला, बाहेरचं काही दिसत नाही. मी सांगतो, तुला दिसावं म्हणून नाही, तू त्यांना दिसू नयेस म्हणून आहे.

काळवीट_कारंजा | मंगळवार, सकाळी ८.०५

आमच्याकडे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. समृद्धी महामार्ग इथून जवळून जातो. ७०१ किलोमीटरचा सहापदरी रस्ता, कारची मर्यादा ताशी १२०. त्यात वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून मार्ग आखताना ठेवले, ही गोष्ट मी मनापासून चांगली मानतो. पेंचला जे कोर्टकचेऱ्या करून मिळालं ते इथे कागदावर आधीपासून होतं.

पण काळवीट म्हणजे वाघ नव्हे. ते गवताळ माळावरचं जनावर. डोळ्यावर जगतं. धोका लांबून दिसावा आणि पळायला मोकळं रान मिळावं, एवढंच त्याला हवं. छप्पर असलेल्या जागेत शिरणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून इथे वरच्या पुलाचं महत्त्व जास्त. त्या पुलावर माती टाकून झाडं लावण्यापेक्षा आपलं साधं पवन्या-कुसळी गवत लावावं, असं माझं मत. काळविटाला झाडी म्हणजे लांडगा लपायची जागा.

दुसरी अडचण कुंपणाची. कुठेतरी तुटलेल्या जागेतून रोही आत येते आणि मग दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये सैरभैर धावत राहते. आत येता आलं, बाहेर पडता येत नाही. मी स्वतः एकदा पाहिलं, नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही. साकव, यावर काही उपाय असतो का?

साकव | मंगळवार, दुपारी १२.३०

असतो, आणि स्वस्त असतो. कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला मातीचा उतार चढवत कुंपणाच्या उंचीपर्यंत नेतात आणि पलीकडे सरळ तुटलेला कडा ठेवतात. आत अडकलेलं जनावर उतार चढून पलीकडे उडी मारतं. पलीकडून चढता येत नाही. अशी जागा ठरावीक अंतरावर ठेवायची. माती तर कामावर असतेच. ज्या गावरस्त्यांपाशी कुंपण तुटतं तिथे जमिनीत लोखंडी नळ्यांची जाळी बसवतात, चाकं जातात, खूर जात नाहीत.

आणि कुंपणाची रोजची देखभाल. पूल १०० वर्षं टिकतो, जाळी पहिल्या पावसाळ्यात कुठेतरी उचकटते. पुलाच्या खर्चात जाळी बघणाऱ्या माणसाचा पगार धरलेला नसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

कातळपाणी | मंगळवार, दुपारी ३.१५

सगळे वाघ-हरणांवर बोलताय, मी आंबोलीहून लिहितेय. आमच्या घाटात पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर जे मरतं त्याची बातमी कधी होत नाही, कारण ते तळहातावर मावतं.

बेडूक डबक्यांकडे निघतात. खेकडे, आम्ही मुठे म्हणतो ते, रस्ता ओलांडतात. खापरखवल्या साप मातीतून वर येतो. देवगांडूळ बाहेर पडतं. गांडुळासारखं दिसणारं, पण बेडकांचं नातेवाईक असलेलं, पाय नसलेलं जनावर. कित्येकांनी ते आयुष्यात जिवंत पाहिलेलं नसतं, आणि आमच्याकडे ते टायरखाली सपाट झालेलं दिसतं. चापडा हा विषारी साप झाडावरून उतरून ओल्या डांबरावर बसतो. हरिण निदान दिव्यात दिसतं, यातलं काहीच दिसत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत धबधबे बघायला हजारो गाड्या घाटात येतात.

इथे पाऊण किलोमीटरचा पूल नको. रस्त्याखाली आधीच असलेल्या मोऱ्या साफ ठेवल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी गुळगुळीत भिंत घातली की बेडूक भिंतीकडेने चालत मोरीत जातो. युरोपात असे बेडकांसाठी बोगदे आहेत, आणि जिथे नाहीत तिथे गावकरी पावसाळी रात्री बादल्या घेऊन बेडूक पलीकडे पोचवतात. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांसाठी रस्त्यावर खास पूल आहे, आणि त्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत काही रस्ते बंदच ठेवतात.

आमच्या पाच-सहा जणांच्या गटाने दोन पावसाळे आठवड्यातून दोन रात्री एकाच ३ किलोमीटरच्या पट्ट्यात चालून नोंदी ठेवल्या. कळलं ते असं की मरणं सगळीकडे सारखी नसतात. दोन वळणं आणि एक ओढा, बस. तेवढ्या तीन जागा धरल्या तर बरंच काम होईल. आता त्या जागांसाठी पावसाळ्यातल्या रात्री वेग कमी करण्याचे फलक मागितले आहेत.

आणि एक राहिलं. उंच झाडांवरून फिरणारे प्राणी. रस्ता रुंद झाला की दोन बाजूंच्या फांद्या एकमेकींना भेटत नाहीत. शेकरू, वानर जमिनीवर उतरतात आणि मरतात. तमिळनाडूत वाल्पराईला सिंहपुच्छ माकडांसाठी झाडांमध्ये झुलते पूल बांधलेत, केरळात चिन्नारला करड्या शेकरूसाठी. भीमाशंकरच्या रस्त्यावर आपल्या शेकरूसाठी हे करायला किती खर्च येईल? पण पहिला उपाय दोर नव्हे. जिथे फांद्या अजून जुळलेल्या आहेत तिथलं झाड तोडू नका, हा पहिला.

वैनगंगा | मंगळवार, रात्री ९.२५

कातळपाणी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. देवगांडूळ हा शब्द मला आज कळला.

तुमचं "दोन वळणं आणि एक ओढा" फार मोलाचं आहे. पूल कुठे बांधायचा याचं उत्तर दिल्लीत किंवा मुंबईत मिळत नाही, ते जो रोज चालतो त्याच्याकडे असतं. आमच्याकडचे गोंड गुराखी बोट दाखवून सांगतात, इथून सांबर पाण्याला उतरतं. त्यांना कुणी बैठकीला बोलावलेलं मी पाहिलं नाही.

धुऱ्यावरून | मंगळवार, रात्री १०.५०

नमस्कार. साकोली तालुक्यातला धानवाला शेतकरी आहे. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

आमचा रस्ता साकोली-देवरी, राष्ट्रीय महामार्ग ५३, नागपूर-रायपूर. एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावचं. जनावर इकडून तिकडे जाणारच, त्याला इलाज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये इकडे कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात वाघाला कारने उडवलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. तो उठायची धडपड करत होता. २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ बोर अभयारण्याचा बाजीराव वाघ असाच गेला. चंद्रपूर-गोंदिया रेल्वेवर २०१८ मध्ये तीन बछडे एकाच वेळी गेले. म्हणजे रेल्वेलाही हे लागू करा.

पण आमचं दुखणं वेगळं आहे, ते कुणी लिहित नाही. चौपदरी झाल्यापासून माझं शेत रस्त्याच्या पलीकडे राहिलं. पूर्वी बैलबंडी सरळ ओलांडत होती. आता ट्रॅक्टर घेऊन अडीच किलोमीटर फिरून जावं लागतं, किंवा उलट्या बाजूने जावं लागतं, आणि उलट्या बाजूने जाताना आमच्या गावचे दोघे मेले. मग गाव काय करते? जनावरांसाठी केलेल्या पुलाखालून जाते. गुरं त्याखालूनच जातात, तणसाची ट्रॉली त्याखालूनच जाते. काही पोरं संध्याकाळी तिथे बसतात, शेकोटी करतात. वनवाले येऊन ओरडतात. ओरडून जातात, रस्ता काही देत नाहीत.

मी जनावरांच्या विरोधात नाही. डुकरं माझ्या धानात शिरतात, भरपाईच्या अर्जाला वर्ष लागतं, तरी नाही. पण जिथे माणसाला वाट ठेवली नाही तिथे माणूस जनावराची वाट घेणारच.

रोखठोक | बुधवार, सकाळी ९.४५

धुऱ्यावरून, मी जे म्हणत होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. आणि खरं सांगतो, माझं मत थोडं बदललं. मी माणूस विरुद्ध हरिण असं मांडत होतो. तुमच्या गावात दोघांचीही वाट एकाच रस्त्याने तोडली आहे.

साकव | बुधवार, सकाळी ११.१०

धुऱ्यावरून यांचा मुद्दा या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे असं मी समजतो. माझ्या नोकरीत मी असे दोन मार्ग पाहिले जे कागदावर वन्यप्राण्यांचे आणि प्रत्यक्षात ट्रॅक्टर, शेणाच्या गोवऱ्या आणि वऱ्हाडाच्या बसगाड्या उभ्या करायच्या जागा झाले होते. जनावर माणसाचा ताजा वास असलेल्या जागी सहसा येत नाही. आलंच तर सर्वात उशिरा रात्री, आणि बुजरं सांबर तर नाहीच.

उपाय पाट्या लावणं हा नाही. गावाच्या बाजूला, जंगलाच्या कडेपासून दूर, गुराढोरांसाठी आणि ट्रॅक्टरसाठी वेगळा बॉक्स हवा. जनावरांच्या पुलाच्या तुलनेत त्याचा खर्च फारच कमी. तो न घातल्यामुळे मोठा पूल वाया जातो.

दहाचाकी | बुधवार, दुपारी २.००

आमच्यातलीही चूक सांगतो. काही चालक रात्री पुलाखाली आडोशाला गाडी लावतात, स्वयंपाक करतात. मीही एके काळी लावली आहे. तिथे उरलेलं अन्न टाकलं की वानर, कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट येतो. आमच्या चालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काल रात्री हे टाकलं. देवलापारच्या ढाब्यावर थांबा, पुलाखाली नको. साठ-सत्तर जणांनी वाचलंय. आणि हेही टाकलं की जखमी जनावर दिसलं तर १९२६ हा महाराष्ट्र वनविभागाचा क्रमांक आहे आणि महामार्गाचा १०३३. गाडीतून उतरून जवळ जाऊ नका, जखमी डुक्करही माणूस फाडतं.

काळवीट_कारंजा | बुधवार, दुपारी ४.४०

एक विचारतो. पूल बांधणं शक्य नाही तिथे रात्री रस्ता बंद करणं कुणाला योग्य वाटतं? कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणारा म्हैसूर-वायनाड रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. न्यायालयानेही तो बंद ठेवला. लोक वळसा घालून जातात.

दहाचाकी | बुधवार, संध्याकाळी ६.१५

छोट्या जंगली रस्त्यावर चालेल, वळसा घालून जायला दुसरा रस्ता असेल तर. ४४ वर नाही चालणार, अख्ख्या देशाचा माल त्यावरून जातो. तिथे पूलच हवा. पण मुरदोलीसारख्या रस्त्यावर रात्री निदान गतिरोधक आणि वेग मोजणारे कॅमेरे तरी ठेवा. कॅमेऱ्याची पावती घरी आली की चालक जंगल आपोआप ओळखतो.

धुऱ्यावरून | बुधवार, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. आज ग्रामसभेच्या सचिवाशी बोललो. पुढच्या सभेत ठराव घ्यायचा म्हणतो: गावाच्या बाजूने गुरं-ट्रॅक्टरसाठी वेगळा मार्ग द्या, आणि तो मिळाल्यावर जनावरांच्या पुलाखाली कुणी जाणार नाही, शेकोटी करणार नाही, ही गावाची लेखी हमी. गावातली जुनी माणसं पहिल्यांदाच म्हणाली की हे बरोबर आहे.

साकव, अर्जात माप काय लिहू? चुकीचं लिहिलं तर लहान करून देतील.

साकव | बुधवार, रात्री १०.२०

माप आकड्यात लिहायच्या आधी गावातली सर्वात उंच भरलेली ट्रॉली मोजा, तणीस रचल्यावरची. मळणीयंत्र आणि हार्वेस्टर येत असेल तर तेही मोजा. सर्वात मोठं जे निघेल त्यात अर्धा मीटर मिळवा, ती उंची. रुंदीला एक ट्रॅक्टर आणि बाजूने उभी गाय, एवढं धरा. पावसाचं पाणी आत साचणार नाही असा उतार आणि निचऱ्याची नाली हे शब्द अर्जात जरूर घाला. नाहीतर चार महिने तळं होतं आणि गाव पुन्हा जनावरांच्या पुलाखाली.

जागेचा गट नंबर, गावापासूनचं अंतर आणि सध्या रोज किती गुरं, किती ट्रॅक्टर पलीकडे जातात याची आठ दिवसांची नोंद जोडा. दोन पोरांना वही देऊन बसवा. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी ओळ न ओळ तपासून देतो.

धुऱ्यावरून | गुरुवार, सकाळी ६.४५

ट्रॉली मोजली. जमिनीपासून चार मीटर दहा. वही आजपासून सुरू.